‘नेट गेलंय’ म्हणजे नक्की काय गेलंय?

आजकाल सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं आणि सगळ्यात कमी अर्थ असलेलं मराठी वाक्य कुठलं, असं मला कोणी विचारलं तर मी बिनदिक्कत सांगेन, ‘नेट गेलंय’. आमच्या चंद्रपूरकडे त्याचं ‘नेट बंद हाये जी’ होतं, पण अर्थात काही भर पडत नाही. काय गेलंय? वायफाय गेलंय? राउटर गेलाय? खांबावरची केबल तुटलीये? डीएनएस झोपलाय? की सगळं धडधाकट आहे आणि फक्त तुमच्या बँकेची साइट बंद आहे? वाक्य एक, आणि त्यामागे निदान सहा-सात वेगवेगळे आजार. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच बोलून गप्प बसण्यासारखं आहे हे. फरक इतकाच की डॉक्टर पुढचे चार प्रश्न विचारतो. कॉल सेंटरवाला ‘सर, एकदा राउटर बंद करून चालू करा’ म्हणतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा रविवार वाचेल :-) मत असं, की ज्याच्या घरी नेट आहे त्याला ते ‘कुठे’ तुटलंय हे शोधता आलं पाहिजे. दुरुस्त करता आलं पाहिजे असं मी म्हणत नाही. फक्त शोधता. आणि ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा चंद्रपूर-गडचिरोलीत कितीतरी जास्त गरजेची आहे.

का ते सांगतो. पुण्यात एका बिल्डिंगमध्ये चार कंपन्यांच्या केबल लोंबकळत असतात. एक गेली तर मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही गेला तर खालचा कॅफे. इकडे काय होतं? चंद्रपूर शहरात दोन-तीन पर्याय मिळतात, पण मूल, सिंदेवाही, चामोर्शी करत करत पुढे गेलात की पर्याय गळत जातात. त्यात गंमत अशी की मोबाइलचा टॉवरसुद्धा बऱ्याचदा त्याच रस्त्याकडेच्या फायबरवर जगत असतो. फायबर तुटला की घरचं नेट आणि हॉटस्पॉट दोन्ही एकदमच आडवे. लाइनमन एक, गावं अनेक. तो चाळीस किलोमीटर गाडी मारून आला आणि कळलं की तुमच्या राउटरची पिनच ढिली होती, तर त्याचा दिवस वाया. उलट फॉल्ट खांबावर होता आणि तुम्ही तीन दिवस राउटरच बंद-चालू करत बसलात, तर तुमचे तीन दिवस वाया.

आणि त्या तीन दिवसांत काय काय अडकलेलं असतं? कुणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, शेवटच्या तारखेचा. कुणाची ऑनलाइन मुलाखत. माझ्यासारख्याची नोकरी. २०२० नंतर आमच्यासारखे बरेच जण लॅपटॉप घेऊन गावी परतले. काही राहिले, काही परत गेले. मॅनेजरला माझ्या घरामागे साग आहे की मॉल याच्याशी देणंघेणं नाही. त्याला एवढंच दिसतं की मी मीटिंगमधून तीन वेळा गायब झालो. ‘इकडे नेटचा जरा प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य एकदा चालतं, दोनदा चालतं. तिसऱ्यांदा ते ऐकलं की पुढचं चांगलं काम पुण्यात बसलेल्या माणसाकडे जातं. आपल्या जिल्ह्यात राहून आपलं काम करता येणार की नाही हा प्रश्न शेवटी अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर येऊन ठेपतो. म्हणून हा विषय.

आता पद्धत. माझ्याकडे एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन आहे. तुमच्याकडे उबुंटू असो, फ्रीबीएसडी असो की मॅक, हत्यारं जवळपास तीच. नियम एकच: आतून बाहेर जायचं. आधी घर, मग गल्ली, मग गाव, मग जग. लोक नेमकं उलट करतात. यूट्यूब अडकलं की थेट समुद्राखालच्या केबलपर्यंत पोचतात.

पहिलं पाऊल घरातलं. टर्मिनल उघडा आणि ‘आयपी ए’ ही कमांड द्या. मशीनला पत्ता मिळालाय का? मग ‘आयपी राउट’. ‘डिफॉल्ट’ या शब्दापुढे जो पत्ता दिसतो तो तुमचा राउटर, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा त्याचा सख्खा भाऊ. आता त्यालाच पिंग करा. पिंग हा प्रोग्राम माइक मूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत एका संध्याकाळी लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. हाक मारायची आणि ओ येते का, किती वेळात येते ते बघायचं. बस्स. चाळीस वर्षं उलटून गेली, अजून याच्याइतकं प्रामाणिक हत्यार नाही.

राउटरला मारलेली हाक दोन-तीन मिलीसेकंदांत परत आली पाहिजे, आणि शंभरातली शंभर वेळा. मध्येच दोनशे-तीनशे मिलीसेकंद दिसायला लागले किंवा हाका गहाळ व्हायला लागल्या, तर भाऊ, तुमचं ‘नेट’ नाही गेलेलं, वायफाय गेलंय. कंपनीला फोन करून काही उपयोग नाही. चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आतली घरं बघा, भिंती हातभर जाड. एका खोलीतला राउटर तिसऱ्या खोलीत कसा पोचणार? त्यावर उपाय साठ-सत्तर रुपयांपासून मिळणारी लॅन केबल. ती लावा आणि परत पिंग करा. आकडे सुधारले तर निदान झालं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी तक्रारी इथेच, घराच्या चार भिंतींच्या आत संपल्या आहेत.

दुसरं पाऊल, घर ते गल्ली. आता बहुतेकांकडे फायबर आहे, म्हणून त्याचंच बोलू. त्या डब्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. लॉसचा दिवा लाल झाला की प्रकाशच पोचत नाहीये. इथे कुठलीही कमांड, कुठलंही रीस्टार्ट कामाचं नाही. काच कुठेतरी तुटलीये किंवा फार वाकलीये. पण खरी मजा आहे ती दिवा हिरवा असूनही नेट रडत असतं तेव्हा. राउटरच्या पानावर लॉगिन करा, तिथे ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ नावाचा आकडा असतो, उणे अमुक डीबीएम असा. उणे २० म्हणजे मिलीवॅटचा शंभरावा भाग. उणे ३० म्हणजे हजारावा. दर तीनाला प्रकाश अर्धा होतो. घरगुती फायबरच्या नेहमीच्या डब्यांना साधारण उणे २७ पर्यंत कसंबसं दिसतं, त्याखाली ते आंधळे. म्हणजे कनेक्शन घेतलं त्या दिवशी उणे १९ असेल आणि आज उणे २६ असेल, तर बाहेर काहीतरी बिघडलंय आणि तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात. कुणी नवीन जोडणी देताना सांधा नीट केला नसेल, केबल खांबावर करकचून वळली असेल, वानरांनी तारेवर झोके घेतले असतील (हसू नका, ताडोब्याच्या आसपास राहून बघा!). एकच विनंती: कनेक्शन नवीन आणि ठणठणीत असतानाच हा आकडा कागदावर लिहून ठेवा. निरोगी असतानाचं ब्लड प्रेशर माहीत नसेल तर आजारी पडल्यावरचं कशाशी ताडून बघणार? आणि हो, त्या काचेच्या टोकात डोळा लावून बघू नका. तो लेझर दिसत नाही, पण डोळ्याला कळतो.

तिसरं पाऊल, जग. आता ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला पिंग करा. आकड्याला ओ येते, पण नाव टाकलं की साइट उघडत नाही? मग रस्ता शाबूत आहे, फक्त पत्ता सांगणारा पोस्टमन सुट्टीवर गेलाय. हा डीएनएस. ‘डिग’ कमांडने एखादं नाव आधी कंपनीच्या डीएनएसला विचारा, मग १.१.१.१ ला विचारा. पहिला गप्प आणि दुसरा बोलतोय, तर राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदला आणि कामाला लागा. दोन मिनिटांचं काम. याच दोन मिनिटांसाठी अख्खी गल्ली संध्याकाळभर ‘नेट गेलंय’ म्हणत बसते.

आता एक खास आजार, माझा आवडता. पिंग चालतं. छोट्या साइट उघडतात. व्हॉट्सॲपवर मेसेज जातात. पण ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं आणि तिथेच गोठतं, एखादी साइट अर्धी येऊन थांबते. कॉल सेंटर म्हणतं, ‘सर, आमच्याकडून तर सगळं ओके दाखवतंय.’ आणि ते खोटं बोलत नसतात! होतं काय, साधं पाकीट १५०० बाइटचं. पण अनेक कंपन्या युजरनेम-पासवर्डची जी जोडणी वापरतात, पीपीपीओई, ती प्रत्येक पाकिटावर स्वतःचा ८ बाइटचा शिक्का मारते. उरले १४९२. आता १५०० चं भरगच्च पाकीट आलं तर वाटेतल्या यंत्राने ‘बाबा, हे मावत नाही, लहान कर’ असा निरोप उलटा पाठवायचा असतो. वाटेत कुणीतरी अतिशहाण्या फायरवॉलने तो निरोपच अडवला की संपलं. लहान पाकिटं जातात, मोठी पाकिटं विहिरीत पडतात, आणि पाठवणाऱ्याला पत्ताच नाही. तपासायचं कसं? पिंगला ‘तुकडे करू नको’ हा पर्याय देऊन १४६४ बाइट पाठवा (वरचे २८ शिरनाम्याचे, बेरीज १४९२). ते गेलं आणि १४७२ नाही गेलं, तर चोर सापडला. मशीनवर किंवा राउटरवर एमटीयू १४९२ करा. व्हीपीएनचा स्वतःचा शिक्का वेगळा असतो, त्याला अजून खाली, १४०० च्या आसपास आणून बघा. एका ओळखीच्या मुलाला याच कारणावरून ‘तुझ्या गावचं नेट काही कामाचं नाही, हैदराबादला ये’ असं ऑफिसने सुचवलं होतं. प्रश्न गावाचा नव्हताच. प्रश्न आठ बाइटचा होता.

लांबचं बघायला ‘एमटीआर’ वापरा. पाकीट कुठून कुठून जातं ते टप्प्याटप्प्याने दाखवतं. यात एक सावधगिरी. मधल्या टप्प्यावर चांदण्या दिसल्या किंवा ‘४० टक्के गहाळ’ दिसलं म्हणून लगेच आरडाओरडा करू नका. मोठे राउटर स्वतःला आलेल्या हाकांना सावकाश उत्तर देतात, तुमचं पाकीट मात्र पुढे बरोबर ढकलतात. नुकसान एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत तसंच टिकलं तरच तो खरा फॉल्ट. आणि थोडं भौतिकशास्त्र लक्षात ठेवा: काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला एक मिलीसेकंद. चंद्रपूर-नागपूर दीडशे किलोमीटर, म्हणजे दीड-दोन मिलीसेकंदांचं काम. तरी नागपुरातल्या मित्राच्या मशीनला चाळीस लागतात? मग तुमचं पाकीट बहुधा मुंबई फिरून येतंय. ते तुमच्या हातात नाही, पण निदान राउटरला शिव्या देणं तरी थांबेल.

गडचिरोलीच्या आतल्या भागात हाच पिंग अजून एक गोष्ट सांगतो. टॉवरवरून सहाशे-सातशे मिलीसेकंद येत असतील आणि ते कधीच पाचशेच्या खाली येत नसतील, तर तो टॉवर मोठ्या उपग्रहाला लटकलेला असणार. तो उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर आहे. हाक वर-खाली, उत्तर वर-खाली, एवढ्यातच अर्धा सेकंद जातो. कितीही पैसे भरा, प्रकाशाला घाई करता येत नाही.

असो. हत्यारं झाली. पण माझ्या मते सगळ्यात मोठं हत्यार यातलं कुठलंच नाही. ते म्हणजे वही. जुन्या लॅपटॉपवर क्रॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट टाका: दर मिनिटाला तीन हाका, एक राउटरला, एक कंपनीच्या पहिल्या टप्प्याला, एक बाहेरच्या जगाला. उत्तर आलं-नाही आलं, वेळेसकट फाइलमध्ये. (कंपनीचा पहिला टप्पा म्हणजे ट्रेसराउटमध्ये तुमच्या राउटरनंतरची ओळ. तिथे १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुधा कंपनीने एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेत. म्हणूनच बाहेरून घरच्या मशीनवर लॉगिन होत नाही.)

मी ही वही दोन मे महिन्यांपूर्वी सुरू केली. त्याआधी रोज दुपारी कधीतरी नेट जायचं आणि ‘कधीतरी’ या शब्दावर कंपनी काहीच करू शकत नव्हती. दहा दिवसांत वहीने सांगितलं: राउटर कायम हजर, प्रकाशाचा आकडा जसाच्या तसा, पण कंपनीचा पहिला टप्पा दुपारी एक ते चार यातच पडतो, आणि ज्या दिवशी पारा ४५ च्या वर त्या दिवशी हमखास. मी फोनवर ‘नेट जातं’ म्हणणं सोडलं. तारखा, वेळा आणि ‘प्रकाश ठीक आहे, पलीकडचं यंत्र अडकतंय’ एवढंच लिहून पाठवलं. आलेला लाइनमन माझ्या घरात आलाच नाही. थेट चौकातल्या पत्र्याच्या पेटीपाशी गेला. दुपारभर उन्हात तापणारी पेटी, आतला पंखा बंद. पंखा बदलला, वर एक पत्र्याचं छप्पर ठोकलं. तो म्हणाला, ‘भाऊ, या चौकातल्या लोकांनी मला महिनाभर घरोघरी फिरवलं जी. कोणी सांगितलंच नाही का दुपारीच जाते म्हणून.’ त्याचा राग अगदी रास्त होता. त्या एका पेटीवर अख्खा चौक होता.

आता तुमचे आक्षेप, मला माहितीयेत :-)

पहिला: ‘मी दरमहा पैसे भरतो, मग फॉल्ट मी का शोधायचा?’ तत्त्व म्हणून शंभर टक्के मान्य. पण जरा नियमांकडे बघा. ट्रायने २००६ मध्येच ब्रॉडबँडसाठी गुणवत्तेचे नियम केले. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त फॉल्ट पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत असं होतं, तीन दिवसांच्या वर लांबलं तर भाड्यात सूट होती, पाकिटं गहाळ होण्याचं प्रमाण एक टक्क्याखाली असावं असंही होतं. २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०१२ च्या तक्रार नियमांनी तक्रार केली की डॉकेट नंबर मिळणं आणि समाधान नाही झालं तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाणं, हा रस्ता दिला. म्हणजे हक्क कागदावर आहे. पण तो बजावायला ‘कधीपासून, किती वेळ, कुठे’ हे लागतं. एक टक्का पाकिटं गहाळ झाली हे सिद्ध कोण करणार? ज्याच्याकडे मोजमाप आहे तोच. वही नसलेला ग्राहक फक्त चिडू शकतो. चिडण्याला डॉकेट नंबर मिळतो, उत्तर मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ‘हे तुम्हा इंजिनिअर लोकांचे चोचले. सामान्य माणसाला हे जमणार नाही.’ इथे मला माझ्याच मुलुखातलं उदाहरण द्यायचंय. १९८६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत काम करतायत. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. एक्स-रे दूर, स्टेथोस्कोप वापरणारा डॉक्टर दूर. पण न्यूमोनियाची एक खूण घरातही मोजता येते: श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, की धोका. अडचण अशी की गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं, दहा-बारापर्यंतच यायचं. मग ‘सर्च’ने काय केलं? दाईला नावं ठेवली नाहीत. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी असलेलं एक साधं यंत्र बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत मणी कुठे पोचला ते बघायचं. निदान झालं! पुढे याच विचारातून गावातल्या बायका घरातल्या घरात नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आलेल्या अभ्यासात ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता, आणि २०११ पासून आशा सेविकांमार्फत ही पद्धत देशभर गेली.

बाळाच्या श्वासाची आणि राउटरच्या दिव्याची मी बरोबरी करत नाहीये, कृपया तसं वाचू नका. मी एवढंच म्हणतोय की ‘सामान्य माणसाला निदान जमणार नाही’ हे वाक्य ज्या जिल्ह्याने खोटं ठरवलं तो आमचा शेजारी आहे. १९८२ पर्यंत तर तो आणि आम्ही एकच जिल्हा होतो. साठ मोजता न येणाऱ्या बाईच्या हातात मणी देता येतात, तर बारावी झालेल्या मुलाच्या हातात तीन पिंग देता येणार नाहीत? अडचण माणसाच्या कुवतीत नाही. अडचण अशी की मणी बनवायचे कष्ट आपण, ज्यांना हे येतं त्यांनी, घेतलेले नाहीत. आपण ‘अरे तू बाजूला हो, मी करतो’ म्हणतो, कीबोर्ड ओढून घेतो, दोन मिनिटांत ठीक करतो आणि परत पुण्याची गाडी पकडतो. पुढच्या वेळी परत फोन येतोच.

अर्थात घरात निदान करून सगळं सुटत नाही, आणि हे न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. खरा मोठा आजार रस्त्यावर आहे. गडचिरोली ते सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. अशा लांब वाटेवर फायबर एकच सरळ रेघ असेल तर मधे जेसीबीचा एक दात लागला की पलीकडचे सगळे अंधारात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथे दुरुस्तीवाला पोचणार कसा? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, पण तिची रचना बहुतांशी सरळ रेघेची होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर केली, त्यात रेघेऐवजी वर्तुळाची रचना आहे. एका बाजूने तुटलं तर पाकीट उलट्या बाजूने येईल. खोदणाऱ्याने आधी विचारावं म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही आलं. नक्षलग्रस्त भागातल्या २,३४३ ठिकाणच्या टूजी टॉवरना फोरजी करायला एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात दुर्गम जिल्ह्यांमध्ये गडचिरोलीचं नाव आहे.

हे सगळं हवंच आहे. पण यातलं काहीही आलं तरी घरातली जाड भिंत तिथेच राहणार, डीएनएस झोपणारच, आणि पेटीतला पंखा मे महिन्यात बंद पडणारच. उलट वर्तुळ खरंच वर्तुळ आहे की कागदावर वर्तुळ आणि खांबावर रेघ, हे कळणार कुणाला? तुटल्यावर दोन मिनिटांत परत आलं की दोन दिवसांत, हे ज्याने मोजलं त्यालाच. एका घरातली वही म्हणजे तक्रार. एका तालुक्यातल्या वीस घरांतल्या, वीस शाळांतल्या वह्या म्हणजे पुरावा. ग्रामसभेत ठेवता येतो, आमदाराला दाखवता येतो, अपिलाला जोडता येतो.

तुमच्यापैकी बरेच जण दिवाळीला गावी जाणार आहात. एक काम करा. आई-बाबांच्या राउटरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा. त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात चार ओळी: लाल दिवा आहे का. प्रकाशाचा आजचा आकडा आणि चांगल्या दिवसाचा आकडा. केबल लावून बघितलं का. तक्रारीचा डॉकेट नंबर आणि वेळ. खाली एक जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय ठेवून द्या, हाका मारत बसू दे बिचारा. आणि त्याची फाइल कशी वाचायची ते घरातल्या सगळ्यात लहान, हुशार पोराला किंवा पोरीला शिकवा. कीबोर्ड मात्र ओढून घेऊ नका.

स्क्रिप्ट मी इथे मुद्दाम देत नाहीये. जेमतेम दहा ओळींची आहे. तुमची तुम्ही लिहा, लिहिता लिहिताच अर्ध्या गोष्टी कळतील.